सूतगिरणी रोडची मोजणी

छाया बिडवे सूतगिरणी रोडवर भांडखोर म्हणून ओळखल्या जात आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. टेलिफोन खात्यात ‘फॉल्ट’ विभागात एकतीस वर्षं काढलेली बाई. जमिनीखालची तार कुठं तुटली ते शोधायचं, खड्डा खणणाऱ्या ठेकेदाराला गाठायचं आणि त्याच्याकडून लेखी घेतल्याशिवाय जागचं हलायचं नाही, ही त्यांची नोकरीतली रीत. निवृत्त झाल्यावरही ती सुटली नाही. कुणी फूटपाथवर गाडी चढवली की लोक आपण काही बोलायच्या आधी छायाताईंच्या दाराकडे बघत.

पण या वेळचं भांडण वेगळं होतं. या वेळी त्यांच्या घरातलं माणूस पणाला लागलं होतं.

त्यांचे यजमान सुदामअण्णा गिरणीत सूत कातायच्या रिंगफ्रेम खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. गिरणी बंद पडून बावीस वर्षं झाली. अण्णांच्या डोक्यातून ही बावीस वर्षं पुसली गेली होती. बायकोचं नाव कधी आठवे, कधी नाही. जेवलो की नाही हे तर कधीच आठवत नसे. पण दुपारचे सव्वादोन वाजले की ते उठत, शर्ट खोचत, डबा मागून घेत आणि दुसऱ्या पाळीला निघत. घरापासून गिरणीच्या गेटपर्यंत सरळ रस्ता, वळण एकसुद्धा नाही. गेटवरचा वॉचमन सांगे, “अण्णा, लाइट गेलीय, मशीन बंद आहे. उद्या या.” लाइट जाणं अण्णांना पटत असे. ते मान डोलावून मागं फिरत आणि चारच्या आत घरी येत. वाटेत शिलाईच्या दुकानातून मुमताजभाभी हाक मारायच्या, सायकलवाला राम राम करायचा, लोखंडे सर फाटकात उभे राहून हात वर करायचे. एखाद्या दिवशी अण्णा गोंधळून थांबले तर यातलंच कुणीतरी त्यांचं तोंड घराकडे वळवून देई.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छायाताईंना स्पष्ट सांगितलं होतं, यांच्या डोक्यात आता एवढा एकच रस्ता शाबूत राहिलाय. तो मोडू देऊ नका. चालणं थांबलं की बाकीचंही भराभर जाईल.

आणि नेमका तोच रस्ता मोडायला महापालिका निघाली होती.

डिसेंबरात नोटीस लागली. शहरात ‘चल विभागणी’ नावाची नवी पद्धत आली होती. पूर्वी कुठं राहायचं आणि कुठं दुकानं काढायची हे वीस-वीस वर्षांच्या आराखड्यात ठरे. मग तो आराखडा कुणाच्या तरी सोयीनं वाकवला जाई आणि पेपरात बोंबाबोंब होई. नव्या पद्धतीत म्हणे माणसाचा हातच लागणार नव्हता. प्रत्येक रस्त्याचा एक ‘वापर-निर्देशांक’ यंत्र काढणार. तीन महिन्यांची रोजची सरासरी चार हजारांच्या वर गेली की तो रस्ता आपोआप ‘वाणिज्य पट्टा’. सूतगिरणी रोडची पहिली मोजणी एक जानेवारी ते एकतीस मार्च, मग दर तिमाहीला नव्यानं. निर्देशांक भरला तर दोन्हीकडच्या घरांची अंगणं सहा-सहा मीटर जाणार, मधे दुभाजक, कडेला लोखंडी कठडा आणि पलीकडच्या गेटाकडे जायला जिने चढून पूल. जिन्याखाली उभे राहिलेले अण्णा छायाताईंना नोटीस वाचता वाचताच डोळ्यांपुढं दिसले.

हरकतींच्या सुनावणीला त्या कामगार सोसायटीच्या चौसष्ट घरांच्या सह्या घेऊन गेल्या. साहेब सभ्य होते. त्यांनी पाणी मागवलं, अर्ज वाचला, वाईट वाटल्यासारखा चेहरा केला.

“ताई, हरकत माणसाच्या निर्णयावर घेता येते,” ते म्हणाले. “मोजमापावर कशी घेणार? थर्मामीटरवर कुणी हरकत घेतं का?”

छायाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण यंत्र नेमकं काय मोजतं हे विचारायचं त्यांच्याही डोक्यात आलं नाही. चौसष्ट घरांतल्या कुणाच्याच आलं नाही. दुकानं मोजत असतील, विजेचा वापर मोजत असतील, गाड्या मोजत असतील, असं जो तो धरून चालला होता. आपली माणसं लढायला उठली की आधी मांडव घालतात, कागद नंतर वाचतात. इथंही तेच झालं.

बारा जानेवारीला साखळी उपोषण सुरू झालं. रोज पाच जणांनी बसायचं, संध्याकाळी लिंबूपाणी घेऊन उठायचं, दुसऱ्या दिवशी दुसरे पाच. कल्पना छायाताईंची आणि बाकीची व्यवस्था नगरसेवक धनंजय पवळे यांची, म्हणजे धनुभाऊंची. धनुभाऊ अर्ध्या चड्डीत होते तेव्हापासून छायाताई त्यांना ओळखत. ते पहिल्याच दिवशी हात जोडून उभे राहिले. मी सत्तेत असलो तरी आधी या रस्त्याचा पोरगा आहे, म्हणाले. त्यांनी मांडव दिला, गाद्या दिल्या, माइक दिला, येईल त्याला चहा आणि पोहे दिले. रोज शेजारच्या वॉर्डातून पाठिंब्याला जथ्थे आणले. आज रिक्षा संघटना, उद्या बचत गटाच्या बायका, परवा तालमीतले पैलवान. संध्याकाळी भजनं होत. जेवणं झाली की सगळी कॉलनी शतपावलीला मांडवापर्यंत येई, आठ-दहा फेऱ्या मारी आणि भाषणं ऐके. रस्ता कधी नव्हे तो गजबजला. पेपरात फोटो आले. लोखंडे सर निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी रोजच्या उपस्थितीची वही ठेवली. अंगात मधुमेह असून सर नऊ वेळा उपासाला बसले. छायाताई तेरा वेळा.

आणि निर्देशांक चढत राहिला. जानेवारीत सत्तावीसशेच्या आसपास असलेला आकडा फेब्रुवारीत पस्तीसशेवर गेला, मार्चमध्ये चार हजारांना टेकला. लोक चिडले. नवं दुकान एक उघडलं नाही, मग आकडा वाढतो कसा? घोटाळा आहे, म्हणाले. धनुभाऊही म्हणाले, घोटाळाच आहे, अठ्ठावीस तारखेला पाच हजारांचा मोर्चा काढू या, याच रस्त्यावरून. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात छायाताईंच्या.

एकवीस मार्चला सकाळी त्या एकट्याच वॉर्ड ऑफिसात गेल्या. घोटाळा असेल तर फॉल्ट शोधायचा आणि फॉल्ट शोधायचा तर आधी तार कुठली ते बघायचं. ही साधी गोष्ट सुचायला त्यांना अडुसष्ट दिवस लागले होते. निर्देशांकाच्या टेबलावर ऋतुजा साबळे नावाची कनिष्ठ अभियंता होती, नोकरीला दोन वर्षंही न झालेली. भिंतीवर पडदा, पडद्यावर सूतगिरणी रोड आणि खाली आजवरच्या सरासरीचा आकडा, ४१३०. हे कशाचं मोजमाप आहे, असं छायाताईंनी विचारलं. पादचाऱ्यांचं, असं ती म्हणाली. तिच्या आवाजात इतकं आश्चर्य होतं की छायाताईंना खुर्ची ओढून बसावं लागलं.

मग पोरीनं नीट समजावून सांगितलं. घरोघरच्या इंटरनेटसाठी फूटपाथखाली काचेची तार आधीच पुरलेली होती. तिच्या एका टोकाला पेटी बसवली की झालं. ती पेटी सेकंदाला काही हजार वेळा लेसरचा ठोका तारेत सोडते. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात डोळ्यांना न दिसणारी खोट राहतेच. त्या खोटीवर आपटून थोडासा उजेड मागं फिरतो. वर कुणाचं पाऊल पडलं की माती दबते, काच तसूभर नव्हे, केसाच्या लाखाव्या हिश्श्यानं ताणते आणि मागं फिरणारा उजेड तेवढाच बदलतो. परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाऊल कितव्या मीटरवर पडलं ते कळतं. माणसाचं पाऊल वेगळं, कुत्र्याचं वेगळं, स्कूटरची घरघर वेगळी. पन्नास मीटर चाललं की एक पादचारी धरायचा. मागं फिरून परत पन्नास मीटर चाललं की दुसरा. माणूस कोण हे यंत्राला कळत नाही आणि तो कशाला आला हेही कळत नाही.

छायाताईंना हे अर्ध्यातच समजलं होतं. परत आलेल्या उजेडावरून जागा काढायची, एकतीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय? तार तुटली की त्या तिच्यात असाच उजेड सोडत आणि तो किती वेळात परत आला त्यावरून खड्डा कुठं खणायचा ते सांगत. आणि त्याच तारेवर सतरंजी टाकून त्या दोन महिने बसल्या होत्या!

“दिवसवार दाखव,” त्या म्हणाल्या.

ऋतुजानं दाखवलं. अकरा जानेवारीपर्यंत रस्त्याची रेघ सपाट. बारा जानेवारीपासून चारशे बारा मीटरवर एक उंचवटा, रोज थोडा मोठा होत गेलेला. चारशे बारा मीटर म्हणजे मांडव.

“तुम्हाला हे दिसत होतं?”

“दिसत होतं, काकू,” ऋतुजा म्हणाली. “मी साहेबांना विचारलं होतं, आंदोलनाची गर्दी वगळायची का? ते म्हणाले, वगळायचं ठरवलं तर माणसाचा हात लागला असं होईल. आणि मोजणीच्या समितीत पवळे साहेब आहेत. ते म्हणाले, लोकांना माहीत आहे.”

छायाताईंनी तिच्याकडून कागद-पेन घेतलं. नव्वद दिवसांचे तीन लाख साठ हजार. त्यातले झालेले वजा केले तर आजचा धरून अकरा दिवसांत तेहतीस हजार सातशे पादचारी उरत होते, त्याच्या वर एक नको. रस्त्याची नेहमीची साधी वर्दळच अकरा दिवसांत तीस हजारांच्या घरात जाणार. म्हणजे मांडव आज उठला, मोर्चा रद्द झाला आणि लोक घरात बसले तर रस्ता वाचत होता. मोर्चा निघाला की संपलं. आपल्याच पायांनी आपण तो घालवणार होतो आणि त्यासाठी धनूनं आपल्याला पोहे खाऊ घातले होते!

धनुभाऊ मांडवातच भेटले, चहाच्या टेबलापाशी. छायाताईंनी त्यांना बाजूला घेतलं आणि तुला ठाऊक होतं का, एवढंच विचारलं. त्यांना वाटलं होतं, हा नाही म्हणेल, शपथा घेईल. त्यानं शांतपणे कप खाली ठेवला.

“काकू, मी समितीवर आहे. ठाऊक असणारच.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही बसायचं म्हणालात, मी मांडव दिला. तुम्ही माणसं हवीत म्हणालात, मी माणसं आणली. मी बसू नका म्हटलं असतं, तर तुम्हीच म्हणाला असता, धनू फिरला.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “रस्ता आज ना उद्या होणारच. अण्णांची काळजी करू नका. अशा माणसांना सांभाळणारी चांगली केंद्रं आहेत हल्ली, मी स्वतः बोलतो.”

छायाताईंचा हात उचलला गेला होता. त्यांनी तो तसाच माइककडे नेला.

त्या दुपारी त्यांनी जे सांगितलं ते लोकांना आवडेल असं नव्हतंच. यंत्र आपले पाय मोजतंय, असं त्यांनी सांगितलं. आपली शतपावली, आपली भजनं, आपले पाठिंबे, सगळं गिऱ्हाईक म्हणून जमा झालंय. आत्ता, या मिनिटाला उठा आणि घरी जा. धनूनं हे माहीत असून आपल्याला बसू दिलं, हेही त्यांनी सांगितलं. धनुभाऊ कपाळाला हात लावून उभे राहिले. त्यांचा चेहरा इतका दुखावलेला होता की चार बायकांनी छायाताईंकडेच रागानं बघितलं. मागून कुणीतरी बोललं, “ताई फुटल्या वाटतं.” अडुसष्ट दिवसांत या बाईबद्दल असं कुणी बोललं असतं तर त्याची धडगत नव्हती. आता कुणी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

लोखंडे सर उठले. हातात उपस्थितीची वही होती.

“अडुसष्ट दिवस,” ते म्हणाले, “आम्ही मूर्ख होतो का?”

“होय सर. सगळ्यात आधी मी.”

सरांचा चेहरा लालबुंद झाला. चळवळीत आयुष्य घालवलेला माणूस तो, मांडवातून उठून घरी जाणं त्यांना हार वाटत होती आणि त्यांचंही काही चूक नव्हतं. मोर्चा रद्द करायचा म्हणजे पाच हजार लोकांना काय तोंड दाखवायचं, असं ते म्हणत राहिले. वाद चढत गेला. शेवटी मुमताजभाभी मधे पडल्या. त्यांच्या दुकानाला वाणिज्य पट्टा झाला तर उलट फायदाच होता, म्हणून त्या आजवर फारशा बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, छायाताई खोटं सांगत असतील तर अकरा दिवस घरी बसून आपलं काय जातं? आणि खरं सांगत असतील तर? पण बसायचं तर सगळ्यांनी बसायचं. मधुमेहासाठी चालणाऱ्यांनी, देवळात जाणाऱ्यांनी, सगळ्यांनी. नाहीतर जो तो म्हणणार, माझं कारण वेगळं.

“सगळ्यांनी ना?” लोखंडे सर छायाताईंकडे वळले. “मग आधी तुमच्या घरचं माणूस आत ठेवा, ताई. मग आम्हाला सांगा.”

छायाताईंना हिशेब पाठ होता. अण्णांचं जाणं-येणं यंत्राच्या आकड्यात मोजून दोन. अकरा दिवसांचे बावीस, तेहतीस हजारांत बावीस. त्यानं काहीही बिघडत नव्हतं. पण त्यांनी समोरच्या तोंडांकडे बघितलं आणि त्यांना कळलं, अण्णा उद्या रस्त्यावर दिसले की ही चौसष्ट घरं परवा बाहेर येतील. सरांचा त्यांना इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ते बघून सरांनी मान वळवली.

“ठेवते,” छायाताई म्हणाल्या.

सव्वादोनला अण्णांनी शर्ट खोचला आणि डबा मागितला. छायाताईंनी डबा दिला आणि दाराला कुलूप लावलं.

पहिल्या दिवशी ते दारापाशी नुसते उभे राहिले. कुणीतरी उघडेल असं त्यांना वाटत होतं. तीन वाजले तसे ते दार ठोठावू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी छायाताईंच्या हातातली किल्ली बघितली आणि त्यांना गेटवरचा वॉचमन समजून हात जोडले. “साहेब, सोडा हो. पाच मिनिटंच उशीर झालाय. अर्धा दिवस कापतील.” छायाताईंनी लाइट गेलीय म्हणून सांगून बघितलं. पण ते गेटवर पटायचं, घरात पंखा फिरताना कसं पटणार? चौथ्या दिवशी त्यांनी दाराला खांदे मारले, खांदा काळानिळा पडला. सहाव्या दिवशी त्यांनी छायाताईंना शिवी दिली. बेचाळीस वर्षांच्या संसारात अण्णांच्या तोंडून शिवी आली नव्हती. छायाताई भिंतीला पाठ लावून बसल्या आणि मनातल्या मनात धनूला, साहेबांना, त्या काचेच्या तारेला आणि स्वतःला लाखोली वाहत राहिल्या. डॉक्टरीणबाईंना फोन करायचं धैर्य त्यांना झालं नाही.

बाहेर मात्र रस्ता खरंच थंडावला होता. लोक शतपावली गच्चीवर घालू लागले. तीन घरं सोडून जायला स्कूटर काढू लागले. भाजीवाल्याला कोपऱ्यावर थांबवून एकानंच सगळ्यांची भाजी गाडीवरून आणायची ठरली. धनुभाऊंनी मोर्चा रद्द केला आणि त्याऐवजी अठ्ठावीस तारखेला आपल्या कोपऱ्यावरच्या संपर्क कार्यालयात मोफत आरोग्य शिबिर ठेवलं. रक्तातली साखर तपासून मिळेल, चष्मे फुकट, येताना कॉलनीच्या टोकाकडून पायी या, असा फलक त्यांनी लावला. काय म्हणणार आता? फुकटच्या चष्म्याला नको म्हणायला माणसाचं तोंड उघडत नाही. दिवसभर रांग लागली. ऋतुजा रोज संध्याकाळी फोन करून आकडा सांगायची. त्या दिवशी आकडा सांगताना तिचा आवाज बसला होता. लोखंडे सर मात्र चष्म्याला गेले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं.

नवव्या दिवशी सव्वादोन वाजले आणि अण्णा उठले नाहीत. खुर्चीत बसून पंख्याकडे बघत राहिले. छायाताईंना आधी सुटल्यासारखं वाटलं. आज ओरडा नाही, आज दार नाही. त्या स्वयंपाकघरात जाऊन शांतपणे चहा प्यायल्या. त्या घोटाभर सुखाची त्यांना पुढं आयुष्यभर लाज वाटणार होती.

एक एप्रिलला अकरा वाजता पडद्यावर निकाल आला. ३९७४. सव्वीसनं रस्ता वाचला होता. ऋतुजाचा फोन आला तेव्हा ती रडत होती. दहा मिनिटांत चौसष्ट घरांतून ओरडा उठला. छायाताईंच्या दारात माणसं आली, त्यांच्या पाया पडली, फुटल्या म्हणणारा त्यांच्यात सगळ्यात पुढं होता. छायाताईंनी सगळ्यांना वाटेला लावलं. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

सव्वादोनला त्यांनी डबा भरला, कुलूप काढलं, दोन्ही दारं सताड उघडली आणि फाटकही उघडलं.

“अहो, चला. पाळीची वेळ झाली.”

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. “कुणाची?” त्यांनी विचारलं.

छायाताईंनी त्यांना हाताला धरून उठवलं, स्वतः शर्ट खोचून दिला, उंबऱ्यापर्यंत आणलं. समोर तोच रस्ता होता, आहे तसा, दोन्हीकडच्या अंगणांसकट. अण्णा त्याच्याकडे परक्या गावात उतरल्यासारखे बघत राहिले. छायाताईंनी दोन पावलं पुढं ओढलं तसे ते घाबरले. त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली आणि आत चला, आत चला म्हणू लागले.

तेवढ्यात ढोल वाजला. गिरणीच्या बाजूनं विजयी मिरवणूक येत होती. सगळी कॉलनी होती, शेजारचे दोन वॉर्ड होते. गुलाल उडत होता. ढोलपथक धनुभाऊंनी पाठवलं होतं. ते स्वतः पुढं शाल आणि नारळ घेऊन होते आणि त्यांच्या शेजारी, अंगभर गुलाल, लोखंडे सर नाचत होते. अकरा दिवस कोंडलेले पाय मोकळे सुटले होते. नव्या तिमाहीचा पहिला दिवस होता आणि एकाच्याही डोक्यात ते नव्हतं. धनूच्या डोक्यात मात्र असणारच.

छायाताई फाटकातून बाहेर पडल्या आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. मिरवणूक त्यांच्यापाशी येऊन थांबली. धनुभाऊंनी शाल उलगडली. छायाताईंनी ती हातानं बाजूला केली.

“घरी जा,” त्या म्हणाल्या. “आजपासून नवी मोजणी सुरू झालीय. घरी जा सगळे.”

लोकांना वाटलं, बाईंचा आनंद अनावर झालाय. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. लोखंडे सर पुढं आले, त्यांच्या कपाळाला लावायला गुलालाची चिमूट घेऊन.

“ताई, आजचा एक दिवस तरी,” ते म्हणाले.

“सर, तुम्ही म्हणालात घरचं माणूस आत ठेवा. ठेवलं मी. अकरा दिवस कुलपात ठेवलं.” छायाताईंनी मागं हात केला. “ते बघा. दार उघडं आहे, फाटक उघडं आहे. आता ते बाहेर यायला भितात. या रस्त्यासाठी मी त्यांना घालवून बसले आणि रस्ता वाचला म्हणून तुम्ही तो पायांखाली घालून पुन्हा घालवताय. नाचा आता. वाजवा रे, थांबलात का?”

ढोल बंद पडला. दारात चौकट धरून उभ्या असलेल्या अण्णांकडे सगळ्यांनी बघितलं. रोज हाक मारणाऱ्या मुमताजभाभींनी आत्ताही मारली. अण्णांनी ओळख दिली नाही. सरांच्या हातातला गुलाल तसाच राहिला. धनुभाऊ शालीची घडी घालू लागले, व्यवस्थित, कडेला कड जुळवून.

मग माणसं एक एक करून मागं वळली. सगळ्यांच्या माना खाली होत्या. आपापल्या घराकडे पन्नास पन्नास मीटर चालत गेलेला प्रत्येक जण खालच्या तारेनं नव्यानं मोजून घेतला.